मागची पंगत

रविवारी चर्च सुटलं की ओहायोतल्या त्या गावातली निम्मी माणसं लानफांगच्या बुफेत यायची. म्हाताऱ्या फुलाफुलांच्या झग्यांत, पोरं गळ्याला काचणाऱ्या टायमध्ये आणि पुरुष पट्टा एक भोक सैल करूनच. साडेअकरापासून दोनपर्यंत दारावरच्या घंटेला उसंत नसायची. गल्ल्यामागे उभी असलेली लानफांग घंटा वाजली की मान वर न करता विचारायची, "किती जण?" अकरा वर्षं ती हेच विचारत होती. या देशातली भाषा तिला जेवढी येत होती तिच्यातलं पहिलं वाक्य हे, आणि खरं सांगायचं तर याच्यापुढे फारशी गरजही पडली नव्हती.

त्या रविवारी घंटा वाजली तेव्हा ती मुलांना द्यायचे रंगीत खडू पेल्यांत भरत होती.

"किती जण?"

"अगं बये, पोटच्या पोरीला विचारतेस किती जण?"

लानफांगनं मान वर केली. दारात श्यांगमावशी उभी होती, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, विमानात झोपून चेहऱ्याला पडलेल्या वळ्या तशाच. तिचा हात धरून साडेपाच वर्षांची एक मुलगी. केस चोपून दोन वेण्या घातलेल्या, पाठीवर दप्तर, पायांत पांढरे मोजे. फोनच्या पडद्यावर दिसायची तीच, फक्त हिला पाय होते. मागे एक जाडा गृहस्थ "आम्ही चौघं" म्हणून वाट पाहत होता. लानफांगनं आधी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, मग मुलीकडे वळली.

"रुईरुई," ती म्हणाली.

मुलीनं मान डोलावली.

भटारखान्यात हा किस्सा दोन मिनिटांत पोचला. म्हातारे आचारी वूकाका पोट धरधरून हसले. लानफांगचा नवरा ग्वांगशुन झारा हातात घेऊनच बाहेर आला, मुलीकडे बघून "उंच झालीय" एवढं म्हणाला आणि परत पळाला, कारण कढईत कोंबडी करपत होती. लानफांगही हसली. सगळे हसतायत तर हसावं. तिनं मुलीचा हात हातात घेतला. तो लहान आणि कोरडा होता. सात नंबरचं टेबल अजून कुणी पुसलं नाही, असं तिच्या मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही.

त्यांच्या मुलखात यात नवल काहीच नव्हतं. चीनमधल्या छांगलच्या त्या समुद्राकाठच्या गावांतली माणसं अमेरिकेत येतात ती चुलीपुढे उभी राहायला. दिवसाचे बारा-चौदा तास उभं राहणाऱ्यानं तान्हं पोर ठेवायचं कुठं? पोर चार महिन्यांचं झालं की श्यांगमावशीसारखी कुणी बाई त्याला विमानानं आजीकडे पोचवते, आणि शाळेचं वय झालं की परत आणून देते. मावशीनं अशी तीसेक पोरं नेली-आणली होती. कोणतं पोर कोणत्या गावी दिलं ते तिला नावानं नाही, त्या गावच्या फोन नंबरातल्या पहिल्या तीन आकड्यांवरून आठवायचं.

रुईरुईला मावशीच्या हाती दिली तो शनिवार होता, आणि शनिवारी संध्याकाळी खेकड्याचे पाय असतात. त्या गर्दीला पर्याय नाही. सासूनं फोनवर सांगितलं म्हणून लानफांगनं थंड खोलीतून कोबीची गार पानं काढली, कपड्यांच्या आत छातीवर ठेवली आणि गल्ल्यावर जाऊन उभी राहिली. चार दिवसांत दूध आटलं. त्याबरोबर आणखीही काही आटलं असावं, पण त्याची चौकशी तिनं केली नाही. करायला वेळ कुठे होता?

चर्चची गर्दी ओसरल्यावर श्यांगमावशीनं तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, मी स्पष्ट बोलते, मागाहून शब्द नको. मी पुढच्या बुधवारी परत चाललेय. सगळीच पोरं रुळत नाहीत. रुळली तर ठेव, नाहीतर मी आहेच. पण रविवारपर्यंत सांग, विमानात जागा धरावी लागते."

"आणि परत पाठवली तर?"

"तर मग तिकडच्याच शाळेत जाईल, बारा-तेराची होऊनच येईल. तेव्हा ती तुझी नसेल हो. उगाच गोड बोलायचं म्हणून मी बोलणार नाही. बघितलीत मी तसली घरं. पोर आईशी बोलतं ते भाडेकरूनं मालकिणीशी बोलावं तसं."

"आणि ठेवली आणि नाही रुळली तर?"

"तर झुरून मरेल. एक पोर तर महिनाभर कपाटात बसून होतं." मावशीनं मागच्या टेबलाकडे हनुवटी केली. "तू बघ. तुझं पोर आहे."

मागचं टेबल म्हणजे भटारखान्याच्या दाराजवळचं, गिऱ्हाइकांना न देण्याचं. तिथं घडी करायचे रुमाल, शेंगा सोलायची परडी आणि ग्वांगशुनची पाठदुखीची पट्टी असायची. रुईरुईला तिथं बसवलं होतं, पण ती बसली नव्हती. बाकाला टेकून उभी होती आणि वाफाळणाऱ्या चाळीस तसराळ्यांकडे आणि ताटल्या घेऊन फिरणाऱ्या माणसांकडे बघत होती.

"केवढे पाहुणे!" ती मावशीला म्हणाली.

मावशी हसली. "आहेत खरे."

त्या दिवशी ती एवढंच बोलली.

तिच्यापुढे लानफांगनं गोड-आंबट कोंबडी ठेवली. नको. शेवया नकोत. तळलेली कोळंबी, जी बघून गावातली गोरी पोरं वेडी होतात, तीही नको. मऊ आइस्क्रीमच्या यंत्रापाशी नेलं, दांडा ओढून दाखवला, पांढरा वेटोळा बाहेर आला. रुईरुईचे डोळे मोठे झाले, पण हात पुढे झाला नाही. मान मात्र नम्रपणे हलली. नको.

"अगं, तिथली रात्र ती इथला दिवस," ग्वांगशुन म्हणाला. "पोटाला कळायला वेळ लागतो. चार दिवस जाऊ देत."

चार दिवस गेले. घरी ती खायची. पहाटे उठून पेजेचा वाडगा, रात्री परतल्यावर पेजेचे दोन वाडगे, सुक्या मासळीसकट, वाडगा चाटूनपुसून. घरी जेवायचं टेबल असं नव्हतंच. ज्यानं त्यानं आपला वाडगा भरून घ्यायचा, कुणी ओट्याशी, कुणी जिन्यात, कुणी फोनवर बातम्या बघत. त्यांच्याच घरात राहणारे वूकाका तर न्हाणीघराच्या दारात उभ्यानं जेवत. पण बुफेत सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नव्हतं. आणि ती बसतही नव्हती. दारावरची घंटा वाजली की ताठ व्हायची.

"भेदरलंय पोर," वूकाका म्हणाले. दुपारी साडेतीनला सगळे मागच्या टेबलाशी जेवायला बसत, म्हणजे आपलं जेवण, तसराळ्यांतलं नव्हे. त्या दिवशी वूकाकांनी मुद्दाम गावाकडचे माशाचे गोळे केले होते, आत डुकराचा खिमा घातलेले, शिजले की फुगणारे. त्यांनी एक गोळा रुईरुईच्या नाकासमोर धरला. "बघ की गं. तुझ्या आजीपेक्षा माझा हात बरा आहे, पण तिला सांगू नकोस."

रुईरुईनं गोळ्याकडे बघितलं, मग हॉलकडे बघितलं. पलीकडे एक ट्रक ड्रायव्हर पाचवी ताटली संपवत होता.

"नको," ती म्हणाली. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं लानफांगला स्पष्ट दिसलं. तिनं ते गिळलं सुद्धा.

"हट्टी आहे," ग्वांगशुन म्हणाला. "आईनं लाडावून ठेवलीय."

त्याची आई तिकडून फोनवर रडायची. गुडघे धरून बसलेली बहात्तर वर्षांची बाई, पण आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. "खात नाही म्हणजे काय? माझ्याकडे तर खायची! तुम्ही तिला काही बोलला असाल!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. लानफांग फोन मुलीच्या हातात द्यायची. मुलगी "हो आजी, हो आजी, तू सांगितलंस तसंच करते" म्हणायची. मग फोन परत द्यायची आणि जागेवर जाऊन उभी राहायची.

लानफांग स्वतःला तपासून बघत होती. घसा दुखतोय का हे गिळून बघावं तसं. मुलगी झोपलेली असताना तिच्याकडे बघितलं. छान होती, भुवया ग्वांगशुनच्या होत्या. काही झालं नाही. शुक्रवारी ती थंड खोलीत जाऊन उभी राहिली, तिथं कुणी बघत नाही म्हणून. रडू आलं तर इथं येईल, असं तिनं ठरवलं. पाच मिनिटं वाट पाहिली. ब्रोकोलीची दोन खोकी कमी आलीत एवढंच ध्यानात आलं, आणि ती बाहेर येऊन ब्रोकोलीवाल्याला फोन करायला लागली.

शनिवारी, ऐन खेकड्यांच्या गर्दीत, रुईरुई बर्फाच्या यंत्राजवळ मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. वूकाकांनी तिला उचलून मागच्या बाजूला नेलं, मालाचा ट्रक उभा राहतो तिथं, आणि साखरपाणी पाजलं. तिथं ती घटाघटा प्यायली.

रविवारी चर्चची गर्दी पांगल्यावर लानफांग ग्वांगशुनपाशी गेली. तो तेल गाळत होता.

"मावशीला सांगायचंय आज."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," लानफांग म्हणाली. ते खरं होतं, म्हणून तिला लाजही वाटली नाही.

ग्वांगशुननं तेल पूर्ण गाळून घेतलं. मग म्हणाला, "आईकडे निदान जेवते तरी. इथं मेली तर काय तोंड दाखवायचं?"

लानफांगनं मावशीला फोन लावला आणि घेऊन जा म्हणून सांगितलं. एका हातानं ती आत भविष्याची चिठ्ठी असलेली फॉर्च्यून बिस्किटं परडीत ओतत होती. मावशी "बरं" म्हणाली. या धंद्यात मावशी कधी "का" विचारत नसे.

मंगळवारी दुपारी साडेतीनला मावशी आली. भाच्याकडे रात्र काढून पहाटे तिथूनच विमानतळ, असा बेत होता. दप्तर भरून तयार होतं. लानफांगनं त्यात नवे दोन झगे आणि आजीसाठी गुडघ्याचं मलम घातलं होतं. हॉल जवळजवळ रिकामा होता, फक्त खिडकीशी एक म्हातारं जोडपं तिसऱ्यांदा पुडिंग घेऊन बसलं होतं. मागच्या टेबलावर भात, मोहरीच्या पाल्याची भाजी आणि माशाचं कालवण मांडलं होतं. ग्वांगशुन अजून आत कढई घासत होता.

"रुईरुई," लानफांग म्हणाली, "उद्या तू मावशीबरोबर आजीकडे जायचंयस."

मुलीनं मावशीकडे बघितलं. मावशीनं मान हलवली.

"परत?"

"परत."

"मग इथं नाही राहायचं?"

"नाही."

रुईरुईनं दप्तराकडे एकदा बघितलं. आजीकडे जायचं म्हणून उडी मारली नाही, की रडलीही नाही. मग ती चालत हॉलच्या मधोमध गेली. चवड्यांवर उभी राहून तिनं चळतीतली ताटली काढली. तिला सगळं ठाऊक होतं, दहा दिवस ती तेच बघत होती. कोळंबीचा चिमटा कुठला, शेवयांचा कुठला. गोड-आंबट कोंबडी घेतली, कोळंबी घेतली, शेवया घेतल्या, कलिंगडाच्या दोन फोडी वर ठेवल्या आणि गिऱ्हाइकांच्या एका टेबलाशी खुर्चीवर चढून बसली. रुमाल मांडीवर पसरला. आणि खायला लागली. अशी खायला लागली की काट्याला दम मिळेना.

"बघ!" मावशीनं टाळी वाजवली. "घरी जायचं म्हटल्याबरोबर भूक उघडली. आजीचं पोर ते!"

"आपलीच कोंबडी वाईट असं वाटायला लागलं होतं मला," वूकाका म्हणाले.

लानफांग पाण्याचा जग घेऊन गेली. कुणी जेवायला बसलं की जग घेऊन जायचं, पाय आपोआपच जातात. तिनं पेला भरला.

"थँक यू," रुईरुई म्हणाली. गिऱ्हाइकं म्हणतात तसं, वर न बघता.

लानफांग जग घेऊन तिथंच उभी राहिली.

"इतके दिवस का नाही खाल्लंस?"

रुईरुईनं घास नीट गिळला. तोंडात घास असताना बोलायचं नाही, एवढं वळण तिला होतं. "आजीनं सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"आईबाबांच्या घरी रोज पाहुणे असतात. सगळं गाव जेवायला येतं. पाहुणे जेवून उठले की मग घरच्यांनी बसायचं. आधी हात लावला तर लोक आईबाबांना हसतात." तिनं काट्याला शेवया गुंडाळल्या. "पण हे पाहुणे उठतच नाहीत. एक उठला की दुसरा येतो. मी रोज बघायची, पण नाहीच उठत."

"आणि आज?"

"आज मी पाहुणी आहे ना," रुईरुई म्हणाली. "उद्या जाणार."

वूकाकांचं हसू थांबलं. 

दहा दिवस. दहा दिवस ही एवढीशी पोर उपाशीपोटी या घराची यजमानीण म्हणून उभी होती. आल्यागेल्यासाठी ताठ होत होती, आईबापांचं नाव राखत होती. चक्कर येऊन पडली ती त्यांच्या अब्रूपायी. घरची नव्हती म्हणून नव्हे, घरची होती म्हणून. आणि त्यांनी तिला पाहुणी करून टाकलं होतं. लानफांगच्या छातीत दुखलं, खरोखरीचं, हात ठेवावा लागला एवढं. तिला ही पोर हवी होती. साडेपाच वर्षं हवी होती, रोज, घंटा वाजेल त्या प्रत्येक वेळी. ते सगळं आता एकदमच अंगावर आलं आणि हातातल्या जगमधलं पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं.

तिनं जग खाली ठेवला आणि मुलीपुढची ताटली उचलली.

"अगं अगं," मावशी ओरडली, "भरल्या ताटावरून उठवतेस पोराला?"

"ती पाहुणी नाही," लानफांग म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

रुईरुईनं काटा हातात धरून तिच्याकडे बघितलं. मग काटा खाली ठेवला, खुर्चीवरून उतरली आणि मागच्या टेबलाशी जाऊन आपल्या जागी उभी राहिली. ओठाला चिकटलेला लाल रस तिनं रुमालानं पुसला.

"आणि तिकीट?" मावशी म्हणाली. "जागा धरलीय मी!"

"त्या जागेवर पिशव्या ठेवा तुमच्या. पाय पसरून जा."

लानफांग खिडकीपाशी गेली. "बंद झालं," ती त्या जोडप्याला म्हणाली.

म्हाताऱ्यानं दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "पण रात्री नऊपर्यंत असतं ना?"

"आज नाही. आम्हाला जेवायचंय."

म्हातारी जरा घाबरलीच. तिनं बिस्किटं पर्समध्ये टाकली, नवऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि दोघं टोप्या चाचपत उठली. पुडिंग अर्धं राहिलं. त्यांच्यामागून लानफांगनं दाराला कडी घातली. आवाज ऐकून ग्वांगशुन ओल्या हातांनी बाहेर आला.

"काय चाललंय? मंगळवारी भरदुपारी दार कोण लावतं? वेड लागलंय का तुला?"

"बस," लानफांग म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मुलीच्या दप्तराकडे बघितलं. हात पुसले आणि बसला. वूकाका बसले. मावशीही पुटपुटत बसली. रुईरुई मात्र उभीच होती. तिनं हॉलमधलं एकेक टेबल नजरेनं तपासलं, खिडकीजवळचं, मधलं, कोपऱ्यातलं. कुठे कुणी नव्हतं. मग ती बाकावर चढली. लानफांगनं तिच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला.

तिनं लगेच खाल्लं नाही. गावाकडे लहानांनी मोठ्यांना वयानं हाका मारून जेवायला सांगायचं आणि मगच पहिला घास घ्यायचा अशी रीत आहे. लानफांग ती विसरून गेली होती. उभ्यानं जेवणाऱ्यांना कसली रीत?

"वूआजोबा, जेवा," रुईरुई म्हणाली. वूकाकांनी मान खाली घातली. "मावशी, जेवा. बाबा, जेवा."

मग ती लानफांगकडे वळली. दहा दिवसांत तिनं तिला कशानंच हाक मारली नव्हती.

"आई, जेव."

लानफांगनं काड्या उचलल्या. भात गार झाला होता. ती जेवायला लागली, आणि मग रुईरुईनंही वाडगा दोन्ही हातांनी उचलला.